३३ पानांचे पत्र आणि रिकामा किल्ला

१/ १९३८ साली अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यातील फॉरेस्ट या लहानशा गावी एका वकिलाने आपल्या पाच वर्षांच्या मुलाविषयी ३३ पानांचे टंकलिखित पत्र तयार केले. मूल काय खाते, कशाला घाबरते, कोणते शब्द उच्चारते, कशात रमते, अशी जन्मापासूनची हकीकत त्यात होती. हे पत्र बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातील एका बालमनोविकारतज्ज्ञाकडे गेले. ऑटिझमच्या, म्हणजेच स्वमग्नतेच्या, वैद्यकीय इतिहासातील हे एक मूलभूत अस्सल साधन होय. पुढे त्यातला तपशीलवारपणाच अशा आईवडिलांविरुद्ध पुरावा म्हणून वापरला गेला. तो कसा, आणि तो निवाडा कोणी फिरवला, याचा हा धागा.

२/ मुलाचे नाव डोनाल्ड ट्रिपलेट, जन्म सप्टेंबर १९३३. वडील बीमन वकील, आई मेरी गावातील बँक चालवणाऱ्या घराण्यातली. दोन वर्षांचा होण्याच्या सुमारास डोनाल्डची स्मरणशक्ती विलक्षण असल्याचे घरच्यांच्या ध्यानात आले होते. प्रेस्बिटेरियन पंथाची २५ प्रश्नोत्तरे त्याला तोंडपाठ होती, मुळाक्षरे तो सुलट आणि उलट म्हणत असे. मात्र आईने हाक मारली तर वळून पाहत नसे. एकटा असला की तो सर्वांत आनंदी असे. ठोकळे, तवे, जे गोल फिरेल ते फिरवत बसे आणि ते फिरवणे थांबवले की आकांत करी.

३/ त्या काळी अशा मुलासाठी वैद्यकाकडे एकच उत्तर होते : घरापासून दूर ठेवा. १९३७ मध्ये, चार वर्षेही पुरी झाली नसताना, डोनाल्डला राज्यातील एका आरोग्यसंस्थेत ठेवण्यात आले. आईवडिलांना महिन्यातून दोनदाच भेटण्याची मुभा होती. सुमारे वर्षभराने, तिथल्या डॉक्टरांचा सल्ला न मानता, त्यांनी मुलाला घरी परत आणले. त्यानंतर बाल्टिमोरच्या लिओ कॅनर या तज्ज्ञाला दाखवायचे ठरले आणि त्यासाठी बीमन यांनी ते पत्र लिहून काढले.

४/ या पत्रातील एक नोंद पाहण्याजोगी आहे. १९३७ च्या वसंतात मुलासाठी घसरगुंडी आणली. पहिल्या दिवशी दुपारी इतर मुले तिच्यावर खेळत होती. डोनाल्ड जवळ जाईना. वर बसवून सोडले तेव्हा तो भीतीने गारठला. दुसऱ्या दिवशी सकाळी आसपास कोणी नसताना तो स्वतःहून बाहेर आला, शिडी चढला आणि घसरून खाली आला. तेव्हापासून तो वरचेवर घसरगुंडी खेळू लागला; अट एकच, दुसरे मूल तिथे नसावे. निदान नाही, शास्त्रीय परिभाषा नाही. केवळ काळ, वेळ, परिस्थिती आणि वर्तन. कोणत्याही इतिहाससंशोधकाला हेवा वाटावा अशी ही नोंद आहे.

५/ १९४३ मध्ये कॅनर यांनी ‘द नर्व्हस चाइल्ड’ या नियतकालिकात ११ मुलांवरचा निबंध प्रसिद्ध केला. आठ मुलगे, तीन मुली. पहिले प्रकरण डोनाल्डचे आणि त्यातील बराचसा मजकूर वडिलांच्या पत्रावर आधारलेला. ‘ऑटिझम’ हा शब्द जुना होता. स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉइलर यांनी तो स्किझोफ्रेनियाच्या एका लक्षणासाठी घडवला होता. ‘स्वतः’ या अर्थाच्या ग्रीक शब्दापासून तो आला आहे. कॅनर यांनी तो बालपणापासूनच दिसणाऱ्या एका वेगळ्या अवस्थेसाठी वापरला.

६/ याच निबंधात आवाज आणि हालचाल यांच्या भीतीची यादी आहे. तिचाकी, झोपाळा, लिफ्ट, व्हॅक्यूम क्लीनर, नळाचे वाहते पाणी, गॅसची शेगडी, चावीची खेळणी, अंडी फेटण्याचे यंत्र, इतकेच काय, वाराही. व्हॅक्यूम क्लीनर ज्या कपाटात ठेवला आहे त्याच्या जवळसुद्धा न फिरकणारे मूल त्यात आहे. इंजेक्शन आणि स्टेथोस्कोप पाहून उडणारा गोंधळ आहे. खाण्याच्या तक्रारी आहेत. घरी लहान स्वमग्न मूल असलेल्या आजच्या कोणत्याही आईला ही यादी ओळखीची वाटेल. म्हणजे ज्याला आज संवेदनांची अतितीव्रता म्हणतात, तिची नोंद पहिल्याच साधनात झालेली होती.

७/ नोंद एक आणि तिचा अन्वयार्थ दुसरा. कॅनर यांनी पाहिले की हेच मूल स्वतः वाटेल तेवढा आवाज करते आणि त्यात रमते. त्यावरून त्यांनी अनुमान काढले की मुलाला आवाजाची भीती नसून आपल्या एकांतात कोणी घुसण्याची भीती आहे. अन्न, आवाज, स्पर्श, सारेच बाहेरून होणारे आक्रमण. तर्क चातुर्याचा होता, पण त्यामुळे कानाला होणाऱ्या वेदनेचा प्रश्न बाजूला पडला. स्वतः केलेला आवाज कधी येणार हे ठाऊक असते, दुसऱ्याचा आवाज अवचित येतो. हा साधा फरक तेव्हा विचारात घेतला गेला नाही.

८/ कॅनर यांच्या आधीही कोणी हे पाहिले होते. मॉस्कोतील मनोविकारतज्ज्ञ ग्रुन्या सुखारेवा यांनी १९२५ मध्ये रशियन भाषेत आणि १९२६ मध्ये जर्मन भाषेत सहा मुलग्यांची वर्णने प्रसिद्ध केली. आवाज आणि वास यांबद्दलची हळवी प्रतिक्रिया त्यांतही नोंदलेली आहे. १९४४ मध्ये व्हिएन्नाच्या हान्स आस्पेर्गर यांनी ठरावीक कापड अंगाला न सोसणारी, ठरावीक चवींचाच हट्ट धरणारी मुले वर्णिली. हेच आस्पेर्गर नाझी राजवटीत काही अपंग मुलांना मृत्यूच्या दारी पाठवण्याच्या व्यवस्थेत सहभागी होते, हे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवून दिले. सूक्ष्म निरीक्षण आणि करुणा या गोष्टी एकत्र नांदतातच असे नाही.

९/ आता कलाटणी. १९४३ च्या निबंधाच्या शेवटी कॅनर स्पष्ट म्हणतात की हा दोष जन्मजात आहे. परंतु त्याच निबंधात ते पालकांकडेही पाहतात. या घरांत खऱ्या अर्थाने मायाळू आईवडील थोडेच, असा त्यांचा शेरा आहे. आणि मुलाने किती गाणी पाठ केली, किती सिंफनी ओळखल्या याच्या बारीक नोंदी आईवडिलांनी ठेवल्या, हे त्यांना पालकांच्या अतिरेकी वृत्तीचे ठळक उदाहरण वाटते. ज्या टिपणांवाचून निबंध उभा राहिला नसता, ती टिपणेच टिपणे ठेवणाऱ्यांवरचा ठपका ठरली.

१०/ इथे साधनचिकित्सेचा प्रश्न येतो. कॅनर यांना दिसलेले पालक वकील, प्राध्यापक, डॉक्टर असे का होते? कारण महामंदीच्या आणि युद्धाच्या काळात शेकडो मैलांचा प्रवास करून बाल्टिमोरच्या नामांकित तज्ज्ञापर्यंत तशीच माणसे पोहोचू शकत होती. ३३ पाने टंकलिखित करायला कचेरी लागते. शेतमजुराचे तसेच मूल गावातच ‘वेडे’ ठरून राहिले किंवा सरकारी वेड्यांच्या इस्पितळात गेले. त्याची कागदावर नोंद उरली नाही. साधने कोणत्या वर्गाकडून आली हे न तपासता त्या वर्गाच्या स्वभावातच रोगाचे कारण शोधले गेले.

११/ १९४८ मध्ये ‘टाइम’ साप्ताहिकाने ‘गोठलेली मुले’ अशा अर्थाच्या मथळ्याखाली हा विषय लोकांपुढे आणला. १९४९ मधील लेखात कॅनर यांनी अशा घरांतील थंडपणाला बर्फ न वितळणाऱ्या रेफ्रिजरेटरची उपमा दिली. त्यातून ‘रेफ्रिजरेटर मदर’ हा शब्दप्रयोग रूढ झाला. शब्द ‘आई’ असा आहे, हे लक्षात घ्यावे. मनोविश्लेषणाचा तो भराचा काळ होता, आणि मुलाच्या प्रत्येक दुखण्याचे मूळ पाळण्याशी शोधायचे तर पाळण्याशी आईच उभी होती.

१२/ या आरोपाला सर्वांत प्रभावी वक्ता मिळाला तो ब्रुनो बेटेलहाइम. व्हिएन्नात जन्मलेला ज्यू, १९३८-३९ मध्ये दाखाउ आणि बुखेनवाल्ड या छळछावण्यांत कैदी, आणि १९४४ पासून शिकागो विद्यापीठाच्या ऑर्थोजेनिक स्कूलचा प्रमुख. छावणीत काही कैदी भोवतालाला प्रतिसाद देणे थांबवून आत आत मिटत जात, हे त्याने पाहिले होते. स्वमग्न मुलांत त्याला तीच अवस्था दिसली. मग मुलांची छावणी कोणती, या प्रश्नाचे त्याचे उत्तर होते : घर. आपण जगात नसावे अशी आईवडिलांची इच्छा मुलाला जाणवते, आणि त्यापासून बचाव म्हणून ते स्वतःभोवती तट उभारते, असे त्याचे प्रतिपादन होते.

१३/ त्याच्या १९६७ च्या ग्रंथाचे नाव ‘द एम्प्टी फोर्ट्रेस’, म्हणजे रिकामा किल्ला. ग्रंथ गाजला. बेटेलहाइमची उपाययोजनाही किल्ल्याच्या रूपकातूनच निघत होती : शत्रूला दूर करा. मुलाला घरातून काढून निवासी शाळेत ठेवायचे आणि आईवडिलांच्या भेटींवर कडक बंधने घालायची. मराठी इतिहासवाचक राजवाड्यांच्या काळापासून बखर आणि अस्सल कागद यांत फरक करायला शिकत आले आहेत. त्या भाषेत सांगायचे तर ‘रिकामा किल्ला’ ही बखर होती. शैली दमदार, कथा विलक्षण, आणि आधार तपासू गेले तर पायाखाली पोकळी.

१४/ या बखरीची किंमत घराघरांत मोजली गेली. मुलाला निदान मिळण्याऐवजी आईला मनोविश्लेषकाकडे जाण्याचा सल्ला मिळे. वैवाहिक जीवनाची झडती होई. मूल कान झाकून किंचाळते, हे आईने सांगितले की तो मुलाने आईला दिलेला नकार ठरे. कपडे अंगाला टोचतात म्हणून ते फेकून देते, हे सांगितले तर तो आईच्या स्पर्शाचा तिटकारा ठरे. आवाज कोणता, कापड कोणते, हा प्रश्न विचारलाच जात नसे. उत्तर आधीच ठरले असेल तर साक्षीदाराची जबानी कितीही नेमकी असो, ती ऐकली जात नाही.

१५/ निवाडा फिरवण्याचे काम ज्यांच्यावर ठपका होता त्यांनीच हाती घेतले. अमेरिकन नौदलातील मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड रिमलँड यांचा मुलगा मार्क १९५६ मध्ये जन्मला. तो तान्हेपणी तासन्‌तास रडे, जवळ घेऊ देत नसे. मानसशास्त्राचे पदवीधर असूनही रिमलँड यांना कारण कळेना. पत्नी ग्लोरिया यांना महाविद्यालयातील एका जुन्या क्रमिक पुस्तकात अशा मुलाविषयी वाचल्याचे आठवले; पुस्तक शोधून काढले तेव्हा ‘ऑटिझम’ हा शब्द सापडला. मग रिमलँड यांनी या विषयावरचे मिळेल ते साहित्य वाचून काढले.

१६/ १९६४ मध्ये त्यांचा ‘इन्फंटाइल ऑटिझम’ हा ग्रंथ आला. प्रस्तावना कॅनर यांची. पालकांच्या थंडपणामुळे हा विकार होतो या मताला पुरेसा पुरावा नाही आणि कारण मेंदूच्या जडणघडणीत शोधले पाहिजे, हे त्यांनी मुद्देसूद मांडले. याच घरांतील इतर मुले निकोप का, हा त्यांतला एक साधाच प्रश्न. ग्रंथाच्या शेवटी मुलाच्या वर्तनाची प्रश्नावली जोडली होती. देशभरातील पालक ती भरून रिमलँड यांना पाठवू लागले. बीमन ट्रिपलेट यांच्या एका पत्राची जागा आता शेकडो घरांच्या नोंदींनी घेतली.

१७/ १९६५ मध्ये न्यू जर्सीतील एका घरी पालक जमले आणि राष्ट्रीय पातळीवरची संघटना उभी राहिली. लंडनमध्ये पालकांनी हे काम १९६२ मध्येच सुरू केले होते; आजची नॅशनल ऑटिस्टिक सोसायटी ती हीच. तिच्या संस्थापकांत लॉर्ना विंग होत्या. त्या स्वतः मनोविकारतज्ज्ञ, आणि १९५६ मध्ये जन्मलेल्या स्वमग्न मुलीच्या आई. डॉक्टर आणि आई या दोन्ही भूमिका एकाच व्यक्तीत एकवटल्याने साक्षीदाराला न्यायासनाशेजारी जागा मिळाली. १९७१ मध्ये त्यांनी पालकांसाठी मार्गदर्शक पुस्तक लिहिले. त्यात आवाज, प्रकाश, स्पर्श यांना मुले कशी वेगळी प्रतिक्रिया देतात याला स्वतंत्र महत्त्व आहे.

१८/ १९७९ मध्ये विंग आणि ज्युडिथ गूल्ड यांनी लंडनच्या कॅम्बरवेल भागातील मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. दवाखान्यात कोण येते याची वाट न पाहता एका वस्तीतील मुलांकडे पाहिले तेव्हा अशी मुले सर्व सामाजिक थरांत आढळली. कॅनर यांच्या ‘उच्चशिक्षित थंड पालकां’चा पाया इथे ढासळला. १९७७ मध्ये सुझन फोल्स्टाइन आणि मायकल रटर यांनी २१ जुळ्यांच्या जोड्यांचा अभ्यास मांडून आनुवंशिकतेचा भक्कम पुरावा आधीच पुढे ठेवला होता.

१९/ पुन्हा १९६७ कडे वळावे लागते. ज्या वर्षी ‘रिकामा किल्ला’ निघाला, त्याच वर्षी क्लारा क्लेबोर्न पार्क या इंग्रजीच्या अध्यापिकेचे पुस्तक निघाले. नाव ‘द सीज’, म्हणजे वेढा. १९५८ मध्ये जन्मलेल्या आपल्या मुलीच्या पहिल्या आठ वर्षांची ती हकीकत. पुस्तकात मुलीचे नाव बदलून एली केले होते. रूपक तेच, बाजू उलटी. बेटेलहाइमच्या मते शत्रूपासून बचावासाठी किल्ला बांधलेला होता आणि शत्रू म्हणजे आई. पार्क यांच्या कथेत आई किल्ल्याबाहेर वर्षानुवर्षे तळ ठोकून बसते, एकेक दगड ओळखून घेते, आणि जिथे फट दिसेल तिथून आत हाक घालते.

२०/ पार्क यांचे पुस्तक टिकले ते त्यातील नेमकेपणामुळे. मूल पहिल्यांदा कोणता शब्द कधी बोलले, कोणत्या खेळातून स्पर्श सहन करू लागले, कुठे घाई केल्याने सारे फिसकटले, हे त्या लिहून ठेवतात. मुलीला तपासणाऱ्या एका संस्थेने आईवडिलांना जवळजवळ काहीच सांगितले नाही, याचेही वर्णन आहे. दोन वर्षांनी, १९६९ मध्ये, पालकांच्या संघटनेच्या अधिवेशनात वृद्ध कॅनर उभे राहिले आणि आपण पालकांना दोषमुक्त करतो असे त्यांनी जाहीर केले. सभागृहातील आईवडिलांना त्या क्षणाचे मोल वेगळे सांगण्याची गरज नव्हती.

२१/ तरीही किल्ल्याचे रूपक शाबूत होते. ते ढासळले ते आतल्या म्हटल्या गेलेल्या माणसांनीच बोलायला सुरुवात केली तेव्हा. टेंपल ग्रँडिन १९४७ मध्ये बॉस्टनमध्ये जन्मल्या. लहानपणी त्यांना संस्थेत ठेवण्याचा विचार पुढे आला, तो आईने मानला नाही. १९८६ च्या आत्मकथनात आणि नंतरच्या लेखनात त्यांनी सांगितले की शाळेची घंटा दात कोरणाऱ्या यंत्रासारखी वेदना देई, चर्चला जाताना घालायचे परकर अंगाला कुसळासारखे बोचत. मिठी हवीशी वाटे आणि असह्यही होई. गुरांना लस टोचताना जखडणारा सापळा पाहून त्यांनी स्वतःसाठी हळुवार दाब देणारे यंत्र तयार केले.

२२/ आईच्या स्पर्शाचा तिटकारा या आरोपाचे उत्तर इथे मिळाले. स्पर्श हवा होता. तो किती जोराचा आणि केव्हा, हे स्वतःच्या हाती हवे होते. १९९३ मध्ये जिम सिंक्लेअर या स्वमग्न कार्यकर्त्याने पालकांना उद्देशून एक निवेदन केले, ते पुढे फार वाचले गेले. त्याचा आशय असा की स्वमग्नतेच्या आड कोणी निराळे, ‘नॉर्मल’ मूल दडलेले नाही. जे समोर आहे तेच तुमचे मूल आहे. म्हणजे किल्लाही नव्हता आणि वेढा घालायचे कारणही नव्हते. समोर एक मूल होते आणि भोवतालचे जग त्याला फार मोठ्या आवाजात ऐकू येत होते.

२३/ पालकांची साक्ष निर्दोष असते असा याचा अर्थ नव्हे. हेच रिमलँड पुढे लसीकरणामुळे ऑटिझम होतो या मताकडे झुकले. १९९८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेला १२ मुलांवरचा ज्या लेखाने ही भीती जगभर पसरली, तो २०१० मध्ये मागे घेण्यात आला, मोठमोठ्या अभ्यासांत असा संबंध आढळला नाही. इतिहासाच्या विद्यार्थ्याला हा फरक परिचयाचा असतो. प्रत्यक्षदर्शी साक्षीदार काय घडले हे उत्तम सांगू शकतो. का घडले याविषयीचे त्याचे मत मात्र स्वतंत्रपणे तपासावे लागते. कॅनर-बेटेलहाइमच्या पिढीने साक्षच नाकारली. लसविरोधी लाटेने साक्षीबरोबर निष्कर्षही डोळे मिटून स्वीकारला.

२४/ संवेदनांचा प्रश्न दरम्यान निराळ्या वाटेने पुढे सरकत होता. १९६१ मध्ये ब्रिटनमध्ये मिल्ड्रेड क्रीक यांच्या समितीने ठरवलेल्या नऊ लक्षणांत संवेदनांना मिळणारा अति, अल्प किंवा अनपेक्षित प्रतिसाद होता. १९७२ मध्ये कॅलिफोर्नियातील ऑक्युपेशनल थेरपिस्ट जीन एअर्स यांनी मेंदू संवेदनांची जुळणी कशी करतो यावर ग्रंथ लिहिला. त्यांच्या उपचारपद्धतीच्या परिणामकारकतेविषयी वाद आहेत. परंतु झोपाळा, दाब, पोत, तोल हे शब्द दवाखान्यात आले. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेत मात्र संवेदनांची अतितीव्रता वा मंदपणा याला निकष म्हणून स्वतंत्र स्थान मिळाले ते २०१३ मध्ये. कॅनर यांच्या यादीपासून बरोबर ७० वर्षांनी.

२५/ भारतातील घटनाक्रमही पालकांनीच पुढे रेटला. १९९१ मध्ये मेरी बरुआ या एका स्वमग्न मुलाच्या आईने दिल्लीत ‘अ‍ॅक्शन फॉर ऑटिझम’चे काम सुरू केले. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात सात प्रकारची अपंगत्वे होती, ऑटिझम नव्हता. दाखला हवा तर मुलावर मतिमंद असा शिक्का मारून घेण्यावाचून अनेक घरांपुढे मार्ग नव्हता. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ऑटिझमचे नाव आले, आणि २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यातील २१ प्रकारांत त्याला स्थान मिळाले.

२६/ मराठीने या अवस्थेला ‘स्वमग्नता’ हा शब्द दिला. ब्लॉइलरच्या ग्रीक मुळाशी तो इमानदार आहे, आणि म्हणूनच जुना किल्ला त्यातही डोकावतो : स्वतःत बुडालेले, बाहेरचे भान नसलेले मूल. प्रत्यक्षात मिरवणुकीतील ढोल-ताशा गल्लीच्या तोंडाशी येण्यापूर्वीच कानांवर हात ठेवणाऱ्या मुलाला बाहेरचे भान कमी नसते, इतरांहून अधिक असते. कुकरची शिट्टी, मिक्सर, न्हाव्याची कात्री, सदऱ्याच्या कॉलरमागची चिठ्ठी, भातातला वाटाणा. आत बुडालेला म्हणावा तो खरे तर बाहेरच्या लाटेत उभा असतो.

२७/ असे मूल असलेल्या घरांत आजही नोंदी ठेवल्या जातात. वहीत, भिंतीवरील कॅलेंडरवर, फोनमध्ये. मिक्सर लावण्याआधी सांगितले तर रडला नाही. नवा सदरा तीनदा धुतल्यावर घातला. लग्नाच्या हॉलमध्ये वीस मिनिटे थांबला, मग बाहेर नेले. नातेवाईक म्हणतात, लाडावून ठेवलाय. कोणी म्हणते, आईच फार काळजी करते. शब्द बदलले तरी १९४९ चा आरोप अजून पुरता मावळलेला नाही. या नोंदी पुढे कोणाच्या अभ्यासाचे साधन होतील की नाही, हे लिहिणाऱ्याला ठाऊक नसते. बीमन ट्रिपलेट यांनाही ते ठाऊक नव्हते.

२८/ डोनाल्डचे पुढे काय झाले? १९४२ च्या सुमारास तो गावाजवळच्या एका शेतकरी जोडप्याकडे राहू लागला. सतत मोजत राहण्याची त्याची सवय त्यांनी मोडली नाही. मक्याच्या ओळी मोजायच्या तर नांगरताना मोज, खोली मोजायची तर विहिरीची मोज, असे त्यांनी सांगितले. १९४५ मध्ये तिथे जाऊन आलेल्या कॅनर यांनी ही गोष्ट पुढे आदराने नोंदवली. १९७१ मध्ये आपल्या ११ मुलांचा मागोवा घेताना, सरकारी इस्पितळात कायमची ठेवलेली मुले खचत गेली, असेही त्यांना लिहावे लागले.

२९/ डोनाल्ड महाविद्यालयातून पदवीधर झाला, गावच्या बँकेत नोकरी केली, मोटार चालवायला शिकला, गोल्फ खेळला, एकट्याने देशोदेशी फिरला. गावाने त्याला आपला म्हणून सांभाळले. जून २०२३ मध्ये, वयाच्या ८९ व्या वर्षी, तो फॉरेस्टमध्येच वारला. वैद्यकाच्या इतिहासात तो ‘पहिले प्रकरण’ आहे. त्या प्रकरणाच्या आरंभी मात्र एक घसरगुंडी आहे, तिच्यावर कोणी नसताना चढलेला एक मुलगा आहे, आणि ते दुरून पाहून लिहून ठेवणारे आईवडील आहेत.

(धागा समाप्त)
#मराठी #इतिहास #साधनचिकित्सा